एक चित्र, दोन आवाज : उपग्रहाच्या लहरींची वाटणी

(पांढुर्णा व सौंसर परिसरातील ग्रामस्थ, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जाम आणि कन्हान या नद्यांच्या खोऱ्यांत शेती करणाऱ्या माणसाला वाटणी म्हणजे काय, हे कोणी शिकवावे लागत नाही. एका विहिरीवर दोन भावांचा हक्क असला की ओलिताच्या पाळ्या ठरतात. दोन वावरांच्या मध्ये धुरा सोडावा लागतो. त्या धुऱ्यावर पीक येत नाही, पण तो नसेल तर भांडणे येतात. कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ पेरली की तेवढ्याच जमिनीत दोन पिके निघतात. संत्र्याची झाडे लहान असतात तोवर त्यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात दुसरे पीक घेण्याचा प्रघात आहे. हे सर्व येथे सांगण्याचे कारण असे की, आकाशातील उपग्रहामार्फत चित्र, ध्वनी आणि संदेश पाठविण्याचे जे शास्त्र आहे, त्याचा अर्ध्याहून अधिक भाग अशाच वाटणीचा आहे. त्यात यंत्रे नवी आहेत, गणित अवघड आहे; परंतु मूळ प्रश्न धुऱ्याचा, पाळीचा आणि आंतरपिकाचाच आहे.

या शास्त्रात जमिनीच्या जागी असते ती लहरींच्या वारंवारतेची रुंदी. तिला पट्टारुंदी म्हणतात. बँडविड्थ हा शब्दही आता सर्वांच्या तोंडी आहे. मोबाइलवरील चित्रफीत अडखळली की लहान मूलही हा शब्द उच्चारते. माणसाचे साधे बोलणे दूरध्वनीवरून पोहोचविण्यास सुमारे ४ किलोहर्ट्झ रुंदीची पट्टी पुरते. चित्राची भूक मात्र फार मोठी असते. भारतात दूरदर्शनचे जे जुने चित्र होते, त्यात एका चित्राच्या ६२५ रेषा असत आणि सेकंदाला अशी २५ चित्रे पाठवावी लागत. त्यासाठी सुमारे ५ मेगाहर्ट्झ, म्हणजे ५,००० किलोहर्ट्झ रुंदी लागे. हिशेब मांडला तर एका चित्राच्या जागेत बाराशेहून अधिक माणसांचे बोलणे मावते. एक चित्र दाखवायचे की बाराशे माणसांना बोलू द्यायचे, हा प्रश्न ज्याच्या हाती उपग्रह आहे त्याला दररोज सोडवावा लागतो. पट्टारुंदीचे व्यवस्थापन ते हेच.

वाटणी इतकी काटेकोर का करावी लागते, तेही पाहिले पाहिजे. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्या बरोबरीने फिरतो, म्हणून तो आकाशात एकाच ठिकाणी स्थिर दिसतो. असे उपग्रह दळणवळणासाठी वापरता येतील, ही कल्पना ब्रिटिश लेखक आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ साली मांडली. भूस्थिर कक्षा ही एकच आहे आणि तिच्यात जागा सर्व देशांना हवी आहे. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या उपग्रहांनी एकाच वारंवारतेवर बोलायला सुरुवात केली तर खाली ऐकणाऱ्याला दोघांचाही बोध होणार नाही. म्हणून कोणी कोठे उभे राहायचे आणि कोणत्या पट्टीत बोलायचे, हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमांनी ठरते. आकाशातील सातबारा तोच म्हणायचा.

आता लहरीच्या प्रवासाचा विचार करा. छत्तीस हजार किलोमीटर वर जायचे आणि तेवढेच खाली यायचे. त्याला जवळपास पाव सेकंद लागतो. एवढ्या अंतरावरून आलेला संकेत अतिशय क्षीण होतो. तो पकडण्याचे दोन मार्ग आहेत : जमिनीवरचे भांडे मोठे करा, नाही तर उपग्रहावरचे. पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे १९७१ साली पहिला मार्ग अवलंबिला गेला. विदर्भालगतच्या श्रोत्यांना आर्वी म्हटले की वर्धा जिल्ह्यातील गाव आठवेल. ही आर्वी जुन्नर तालुक्यातील, नारायणगावाजवळची. तेथील विक्रम भू-केंद्राची तबकडी सुमारे ३० मीटर व्यासाची आहे. तिच्यामुळे परदेशांशी उपग्रहामार्फत दूरध्वनी व दूरचित्रवाणीचा संबंध जोडता आला. पण अशी तबकडी देशात एखादीच उभारता येते. प्रत्येक गावच्या शाळेवर ती उभारणे कोणत्याही शासनाला परवडणारे नाही.

डॉ. विक्रम साराभाई यांचा आग्रह नेमका उलटा होता. उपग्रहाचा पहिला लाभ शहरांना नव्हे, तर जेथे रस्ता, वीज आणि शिक्षक यांपैकी काहीच पुरेसे पोहोचलेले नाही अशा गावांना मिळावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९६९ साली भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची नासा ही संस्था यांच्यात करार झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह एक वर्षासाठी भारताला वापरायला मिळणार आणि कार्यक्रम व जमिनीवरील सर्व यंत्रसामग्री भारताने करायची, असे ठरले. प्रयोग सुरू होण्यापूर्वीच, १९७१ च्या डिसेंबरात, साराभाईंचे निधन झाले. तो तडीस नेण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आली, त्यांपैकी प्रमुख होते एकनाथ वसंत चिटणीस.

चिटणीसांचा जन्म १९२५ साली कोल्हापुरात झाला. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत साराभाईंच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी वैश्विक किरणांचा अभ्यास केला. केरळातील थुंबा हे अग्निबाणांच्या उड्डाणाचे ठिकाण निवडण्याच्या कामात त्यांचा वाटा होता. उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोगाचे, ज्याला साइट या इंग्रजी आद्याक्षरी नावाने ओळखतात, त्याचे ते कार्यक्रम व्यवस्थापक होते. पुढे १९८१ ते १९८५ या काळात ते अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालक होते आणि १९८५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. शंभर वर्षांचे आयुष्य लाभून २०२५ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. एखादे यंत्र शोधून त्याला स्वतःचे नाव देणारे संशोधक म्हणून त्यांची ओळख नाही. मर्यादित साधनांत जास्तीत जास्त माणसांपर्यंत पोहोचण्याची रीत बसविणे, हा त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कल्पकतेचा प्रांत होता. अशा माणसांची नावे पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाहीत. ती यायला हवीत.

एटीएस-६ हा उपग्रह ३० मे १९७४ रोजी सोडण्यात आला आणि १९७५ च्या मध्यास तो सरकवून पूर्व आफ्रिकेच्या व्हिक्टोरिया सरोवराच्या वर आणण्यात आला. त्याची तबकडी छत्रीसारखी मिटवून नेली होती. अवकाशात ती उघडली तेव्हा तिचा व्यास नऊ मीटरांहून अधिक झाला. वरचे भांडे एवढे मोठे असल्यामुळे खालचे भांडे लहान चालणार होते. गावोगावी बसविलेली तबकडी अवघी तीन मीटरची होती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची ती बनविली होती. आर्वीच्या तबकडीशी तुलना केली तर व्यास दहावा हिस्सा आणि क्षेत्रफळ शंभरावा हिस्सा. संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने तयार केले. जेथे वीज नव्हती अशा काही ठिकाणी ते बॅटरीवर चालविले गेले.

येथे पट्टारुंदीचे पहिले मर्म येते. संकेत क्षीण असेल तर तो अधिक रुंद पट्टीत पसरून पाठवावा लागतो. वारंवारतेत बदल करून संदेश पाठविण्याची ही पद्धत अमेरिकन संशोधक एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९३३ च्या सुमारास सिद्ध केली होती. तिला एफ. एम. म्हणतात, रेडिओमुळे हे नाव सर्वांना ठाऊक आहे. तिच्यात पट्टी जास्त खर्च होते, पण खरखर कमी होते. कोरडवाहू शेतकऱ्याला ही गोष्ट लगेच पटेल. पाणी मुबलक असेल तर दोन एकरांत घर चालते. पाणी नसेल तर तेवढ्याच धान्यासाठी दहा एकर धरावे लागतात. उपग्रहाची शक्ती म्हणजे पाणी आणि पट्टारुंदी म्हणजे जमीन, असे समजावे. एकाची तूट दुसऱ्याने भरून काढता येते, परंतु किती प्रमाणात काढता येते याला पक्की मर्यादा आहे. ती मर्यादा क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली गणिताने दाखवून दिली आणि आजपर्यंत कोणत्याही अभियंत्याला ती ओलांडता आलेली नाही. साइट प्रयोगात चित्राला त्याच्या मूळ रुंदीच्या कित्येक पट रुंदी द्यावी लागली, तेव्हा कोठे तारेच्या जाळीवर ते स्वच्छ उमटले.

म्हणजे एवढ्या मोठ्या उपग्रहावर प्रयोगासाठी चित्राची वाहिनी होती फक्त एक. आणि प्रयोग होता राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्यप्रदेश, आंध्रप्रदेश व कर्नाटक अशा सहा राज्यांतील २० जिल्ह्यांच्या सुमारे २,४०० गावांसाठी. या राज्यांत हिंदी, ओडिया, तेलुगू आणि कन्नड अशा चार भाषा. चार भाषांना एक चित्र कसे पुरवायचे?

त्यावर दोन उपाय योजले गेले. पहिला पाळीचा. सकाळी दीड तास शाळेतील मुलांसाठी राखला होता. त्याचे चार समान भाग केले, म्हणजे प्रत्येक भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे आली. सायंकाळचे अडीच तास मोठ्यांसाठी. तेही भाषांच्या पाळीनुसार वाटलेले, आणि त्यांत काही वेळ सर्वांसाठी सामायिक. पाळीचा उपाय कोणालाही सुचेल. दुसरा उपाय मात्र कल्पकतेचा होता. चित्राच्या पट्टीच्या वरच्या कडेला थोडी जागा मोकळी असते. एरवी तेथे चित्राबरोबरचा एकच ध्वनी बसवतात. या प्रयोगात दोन निरनिराळ्या उपवाहक लहरींवर दोन ध्वनी बसविले. ध्वनीला जागा किती कमी लागते, हे आरंभी पाहिलेच आहे. संत्र्याच्या दोन ओळींमधील पट्ट्यात एकाऐवजी दोन आंतरपिके घ्यावीत, तसा हा प्रकार. चित्र एकच जाई. पण त्याच्याबरोबर एक आवाज एका भाषेत आणि दुसरा आवाज दुसऱ्या भाषेत जाई. ज्या भागाची जी भाषा, तो आवाज तेथील संचाने उचलायचा. तेलुगू आणि कन्नड प्रेक्षकांना एकच पीकपाण्याचे दृश्य आपापल्या भाषेत ऐकवण्याची सोय यातून झाली.

कागदावर ही युक्ती सोपी दिसते. कार्यक्रम तयार करणाऱ्यांवर मात्र तिचे मोठे ओझे पडते. पडद्यावरचा माणूस समोर पाहून बोलू लागला की त्याचे ओठ एका भाषेचे आणि आवाज दुसऱ्या भाषेचा, असे होते. म्हणून दृश्य असे निवडावे लागते की त्यात कृती दिसावी आणि बोलणारा शक्यतो पडद्याबाहेर असावा. एका भाषेतील वाक्य आठ सेकंदांत संपते, तेच दुसरीत अकरा सेकंद घेते. दोन्ही संहिता एकाच दृश्याच्या मापात बसवाव्या लागतात. पट्टारुंदी वाचते ती अभियंत्याच्या टेबलावर, आणि तिची किंमत मोजतो लेखक.

प्रयोग १ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झाला आणि ३१ जुलै १९७६ रोजी संपला. त्या वर्षात शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि शाळेतील विज्ञान यांवरचे कार्यक्रम गावांत पोहोचले. प्राथमिक शाळांतील सुमारे ५०,००० शिक्षकांना याच मार्गाने विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. आपण दाखवतो ते गावाला समजते की नाही, हे पाहण्यासाठी निवडक खेड्यांत मानववंशशास्त्रज्ञ मुक्काम करून राहिले. एवढ्या मोठ्या तांत्रिक प्रयोगात गावात राहून ऐकणारी माणसे नेमली गेली, ही गोष्ट जाळीच्या तबकडीइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे. वर्ष संपताच करारानुसार उपग्रह अमेरिकेकडे परत गेला आणि बहुतेक गावांचे पडदे काळे झाले. लोकांना सवय लावून वस्तू काढून घेतली, अशी टीका त्या वेळी झाली, ती अगदीच निराधार नव्हती. परंतु उपग्रह उसना होता, हे सर्वांना आधीपासून माहीत होते.

आता पांढुर्णा आणि सौंसरचा या कथेशी संबंध काय, असा प्रश्न येथील श्रोत्यांच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर असे की, त्या वर्षी काहीच नव्हता. मध्यप्रदेशातील जे जिल्हे निवडले गेले ते रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग. ते २००० सालापासून छत्तीसगढ राज्यात आहेत. छिंदवाडा जिल्हा यादीत नव्हता. महाराष्ट्र निवडलेल्या सहा राज्यांत नव्हता, म्हणून मराठी ही त्या चार भाषांत नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख मध्यप्रदेशात राहिला. घरची भाषा मराठी आणि कचेरीची हिंदी, ही येथील दोन-तीन पिढ्यांची वहिवाट आहे. अशा मुलखावर उपग्रहाची लहर तर पडते. लहरीला राज्याची सीमा दिसत नाही; कपाशीच्या दोन धुऱ्यांवर ती सारखीच उतरते. पण त्या लहरीवर कोणता आवाज चढवायचा, हे जेथे ठरते तेथे सीमा फार ठळक दिसते. रायपूर-बिलासपूरच्या खेड्यांनाही हा अनुभव आला : घरची बोली छत्तीसगढी आणि संचातून येणारा आवाज हिंदी. आवाज दोनच होते आणि दारे बरीच होती.

पुढची पायरी इन्सॅटची. इन्सॅट-१ मालिकेच्या उपग्रह प्रकल्पाची धुरा पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे यांच्याकडे होती. ते नंतर थिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. या मालिकेतील पहिला उपग्रह १९८२ साली काही महिन्यांतच निकामी झाला. दुसरा, इन्सॅट-१बी, ३० ऑगस्ट १९८३ रोजी सुटला आणि त्याने दीर्घकाळ सेवा दिली. त्यावर दूरध्वनी व इतर दळणवळणासाठी ३६ मेगाहर्ट्झ रुंदीचे बारा प्रक्षेपक होते, आणि गावांतील संचांपर्यंत थेट चित्र पोहोचविण्यासाठी अधिक शक्तीचे दोन. राज्यवार ग्रामीण कार्यक्रमांच्या भाषा या वेळी ओडिया, तेलुगू, मराठी, गुजराती आणि हिंदी अशा पाच. दोन वाहिन्या, पाच भाषा, पुन्हा पाळीच. या वेळी मराठी यादीत होती, पण ती महाराष्ट्रासाठी. सीमेच्या या बाजूचा मराठी माणूस शेजारच्या वावरात पाणी सुटले असताना धुऱ्यावर उभा राहावा, तसा होता.

वाटणीचा हा प्रश्न पुढे सुटला तो नवी जमीन मिळाल्यामुळे नव्हे. तेवढ्याच जमिनीत अनेकपट पीक काढण्याची रीत सापडल्यामुळे सुटला. तिचे श्रेय ज्यांना दिले जाते त्यांपैकी नासिर अहमद हे बंगळूरचे. अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठात ते शिकवत असत. १९७२ साली त्यांनी या संशोधनासाठी अनुदान मागितले आणि कल्पना फारच साधी वाटल्यामुळे ते नाकारले गेले. तरीही टी. नटराजन आणि के. आर. राव या सहकाऱ्यांसह त्यांनी ते पूर्ण करून जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. पद्धतीचे नाव अवघड आहे, मर्म तसे नाही. संत्र्यांचा ढीग बाजारात पाठवण्यापूर्वी आपण प्रतवारी करतो. ढिगात जसे येईल तसे भरण्यापेक्षा मोठे एका बाजूला, मध्यम दुसऱ्या, बारीक तिसऱ्या बाजूला केले की काय पाठवायचे आणि काय मागे ठेवायचे हे नजरेला कळते. चित्राचेही लहान लहान चौकोन करून त्यातील ठळक, संथ बदल आणि बारीक, झटपट बदल अशी प्रतवारी करता येते. माणसाचा डोळा ठळक बदल लगेच टिपतो. फार बारीक बदल गेले तरी त्याला पत्ता लागत नाही. ते सोडून दिले आणि आधीच्या चित्रात जे होते ते पुन्हा पाठविले नाही, की अंकांच्या रूपातील चित्र मूळच्या सुमारे पन्नासाव्या हिश्श्यात मावते. ज्या एका प्रक्षेपकावर पूर्वी एक चित्र जाई, त्यावर आता दहा-बारा आणि कधी त्याहून अधिक जातात. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची घरोघरी थेट पोहोचणारी विनामूल्य सेवा ३३ वाहिन्यांनी सुरू झाली, ती याच बळावर. तीन मीटरची जाळी गेली आणि सौंसरच्या कौलांवर परातीएवढ्या तबकड्या दिसू लागल्या.

उपग्रहावरून ऐकणे सोपे झाले, तरी उलट बोलणे अजून वाटणीच्याच कक्षेत आहे. मध्यप्रदेशातील झाबुआ जिल्ह्यात १९९६ साली भारतीय अवकाश संशोधन संस्थेने जो विकास-संवाद प्रकल्प सुरू केला, त्यात १५० गावांत कार्यक्रम पाहण्याची सोय होती आणि विकासखंडांच्या ठिकाणी १२ केंद्रे अशी होती की जेथून प्रश्न विचारता येत. अनेक केंद्रांना एकाच अरुंद पट्टीतून बोलायचे असले की काय करावे? ग्रामसभेत सगळेच एकदम बोलू लागले तर अध्यक्ष जे करतात, त्याचेच हे यंत्ररूप. प्रत्येकाला कायमची पट्टी तोडून द्यावी, तर जो गप्प आहे त्याची पट्टी पडीक राहते. हवाई विद्यापीठातील नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ साली सुरू केलेल्या अलोहा या जाळ्यात वेगळीच रीत घातली : ज्याला बोलायचे त्याने बोलावे; दोघांचे एकदम झाले आणि संदेश मोडला, तर प्रत्येकाने आपापल्या मनाने थोडा कमी-अधिक वेळ थांबून पुन्हा बोलावे. या मोकळ्या रीतीने पट्टीचा फार तर १८ टक्के उपयोग होतो, असे गणित सांगते. बोलण्याचे क्षण आधी आखून दिले, तर तो ३७ टक्क्यांच्या जवळ जातो. सभेतील शिस्तीची किंमत एवढ्या नेमकेपणाने अन्यत्र कोणी मोजली नसेल! लहान तबकड्यांच्या जाळ्यांत आजही पाळी मागण्यासाठी अशी मोकळी पट्टी आणि पाळी मिळाल्यावर राखीव पट्टी, असा मिलाफ करतात.

याखेरीज अलीकडच्या उपग्रहांत आणखी एक सुधारणा आहे. पूर्वी एकच झोत सर्व देशावर पडे. २०१८ साली सोडलेल्या जीसॅट-११ सारख्या उपग्रहात अनेक लहान झोत असतात आणि एकमेकांपासून दूर असलेल्या दोन झोतांत तीच वारंवारता पुन्हा वापरता येते. वीजपुरवठ्याच्या दोन निराळ्या फीडरांवर एकाच वेळी दोन मोटारी चालाव्यात तसे हे आहे. त्याच्या अधिक खोलात जाण्याची येथे गरज नाही.

शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. २०२० साली केंद्र शासनाने पीएम ई-विद्या या नावाने पहिली ते बारावीसाठी प्रत्येक इयत्तेला एक अशा बारा वाहिन्या सुरू केल्या. २०२२ च्या अर्थसंकल्पात ही संख्या २०० करण्याचे जाहीर झाले, ते मुख्यतः राज्यांना आपापल्या भाषांत पाठ देता यावेत म्हणून. १९७५ साली चार भाषांमध्ये एक चित्र आणि दोन आवाज होते, हे आठवले म्हणजे हा पल्ला किती मोठा आहे ते कळते. महाराष्ट्राच्या वाहिनीवरील मराठी पाठ सौंसरच्या तबकडीवर उतरण्यास तांत्रिक आडकाठी नाही. मात्र तो पाठ महाराष्ट्राच्या पुस्तकावर बेतलेला असतो. इतिहासाचे धडे वेगळे, भूगोलाचे नकाशे वेगळे, परीक्षेचे मंडळ वेगळे. येथील मुलाला जो पाठ हवा, तो मध्यप्रदेशच्या पुस्तकाचा आणि मराठी आवाजाचा.

अशा पाठासाठी स्वतंत्र चित्रवाहिनीची मागणी करण्याची गरज नाही, आणि येथे साइटमधील जुनी युक्ती पुन्हा उपयोगी पडते. अंकीय पद्धतीत चित्राबरोबर एकाहून अधिक आवाज पाठवता येतात. चांगल्या प्रतीच्या चित्राला सेकंदाला सुमारे ४० लाख अंक-एकके लागतात असे धरले, तर बोलण्याच्या आवाजाला सव्वा लाखाच्या आसपास पुरतात. म्हणजे तीस हिश्श्यांतला एक. राज्याच्या हिंदी पाठाबरोबर मराठी आवाजाची दुसरी ओळ पेरायला एवढीच जागा लागेल. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाल्यामुळे अशी मागणी कोणाकडे मांडायची, हा प्रश्नही पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. शाळांची यादी, मराठी मुलांची संख्या आणि कोणत्या इयत्तेचे कोणते पाठ आधी हवेत याचा तक्ता जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयातूनच वर जाऊ शकतो.

त्यानंतर काम उरते ते ध्वनिमुद्रणाचे. त्यासाठी एक शांत खोली, एक बरा मायक्रोफोन आणि मूळ हिंदी पाठाची वेळ मोजून लिहिलेली मराठी संहिता लागते. संहिता लिहिणाऱ्याने पाठ आधी आवाज बंद करून दोनदा पाहावा, प्रत्येक दृश्य किती सेकंदांचे आहे ते कागदाच्या डाव्या बाजूला टिपावे आणि उजव्या बाजूला तेवढ्याच सेकंदांत शांतपणे वाचून होईल एवढेच वाक्य लिहावे. दर दृश्यामागे एखादा सेकंद मोकळा सोडावा. वाचणाऱ्याला श्वास घ्यायचा असतो आणि मुलांना चित्र पाहायचे असते. वाचण्यासाठी पुण्या-मुंबईचा आवाज मागविण्याचे कारण नाही. सौंसर-पांढुर्ण्याच्या शाळांत मुलांना रोज शिकवणारे जे शिक्षक आहेत, त्यांच्यापैकी कोणीही हे काम करू शकेल, आणि पहिल्या चाचणीसाठी चौथीच्या विज्ञानाचा एखादा दहा मिनिटांचा पाठ पुरेल.